अणुकेंद्र गोल का राहत नाही?

युरोपियम नावाच्या धातूचे निसर्गात दोनच समस्थानिक सापडतात: एकाचा वस्तुमानांक १५१, दुसऱ्याचा १५३. दोघांतही प्रोटॉन ६३. पहिल्यात न्यूट्रॉन ८८, दुसऱ्यात ९०. फरक काय तो दोन न्यूट्रॉनांचा. १९३५ मध्ये जर्मनीत हेर्मान शूलर आणि थिओडोर श्मिट युरोपियमच्या वर्णपटातल्या रेषा बारकाईने मोजत होते. एकेका रेषेच्या पोटात आणखी बारीक रेषा असतात, आणि त्यांच्यातली अंतरं ठरावीक नियमाने येतात. युरोपियममध्ये ती त्या नियमात बसेनात. केंद्रातला विद्युतभार गोल पसरलाय असं धरलं की हिशोब चुकायचा; तो लांबट पसरलाय असं धरलं की जुळायचा.

या लांबटपणाच्या मापाला विद्युत चतुर्ध्रुवी परिबल म्हणतात आणि ते बार्न या एककात मोजतात. एक बार्न म्हणजे शंभर चौरस फेम्टोमीटर, आणि फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. आजच्या मोजमापानुसार युरोपियम-१५१ चं परिबल ०.९० बार्न आहे आणि युरोपियम-१५३ चं २.४१ बार्न. आकडे पुन्हा एकदा पाहा. विद्युतभार असतो फक्त प्रोटॉनांवर, आणि प्रोटॉन तर दोन्हीकडे सारखेच. वाढले ते न्यूट्रॉन, ज्यांच्यावर भारच नाही. तरीही भाराचा लांबटपणा अडीच पटींहून जास्त झाला. याचा अर्थ एकच निघतो: नव्याने आलेल्या दोन न्यूट्रॉनांमुळे अख्ख्या केंद्राची ठेवण बदलली, आणि प्रोटॉनही त्या नव्या ठेवणीत बसले.

शाळेत आपण अणुकेंद्र म्हणजे लाल-निळ्या गोळ्यांचा एक गोल पुंजका असं चित्र काढतो. काही केंद्रांसाठी ते खरं आहे. पण ज्ञात केंद्रांपैकी पुष्कळशी गोल नाहीत. काही नारळासारखी लांबट असतात, तर थोडी पेढ्यासारखी चपटी. अशांना विरूपित केंद्रं म्हणतात. एखादं केंद्र सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत, म्हणजे ग्राउंड स्टेटमध्ये असताना त्याची बंधनऊर्जा (म्हणजे सगळे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) किती, त्रिज्या किती, आकार कसा, स्पिन (म्हणजे फिरकीचं क्वांटम माप) किती, हे नुसत्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या संख्येवरून गणिताने काढायचं, हा अणुकेंद्रीय भौतिकीतला एक जुना आणि अजूनही न संपलेला प्रश्न आहे. गोल केंद्रांसाठी तो अवघड आहेच. विरूपित केंद्रांसाठी त्याची खरी परीक्षा लागते, कारण तिथे आकार आधीपासून माहीत नसतो. तोही उत्तराचाच भाग असतो.

अडचण कुठे आहे?

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. दोन न्यूक्लिऑनांमधलं बल सरळसोट नाही. ते अंतरावर अवलंबून असतं, स्पिनच्या दिशांवर अवलंबून असतं, आणि तीन कण जवळ आले की त्या तिघांचं मिळून आणखी एक वेगळं बल मानावं लागतं. इतकं सगळं धरून शंभर-दीडशे कणांचं क्वांटम समीकरण जसंच्या तसं सोडवणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. मूळ बलापासून सुरुवात करून, योग्य ती सन्निकटनं वापरून वर चढत जाणाऱ्या पद्धती गेल्या काही वर्षांत झपाट्याने पुढे गेल्या आहेत. २०२२ मध्ये त्या शिसे-२०८ पर्यंत पोहोचल्या. पण शिसे-२०८ अगदी गोल आणि शिस्तीतलं केंद्र आहे. जड विरूपित केंद्रांसाठी आजही मुख्य काम करतात ती प्रारूपं, म्हणजे मॉडेल्स.

यातलं सर्वांत जुनं मॉडेल म्हणजे द्रवबिंदू. केंद्र म्हणजे भार असलेला द्रवाचा थेंब, असं मानायचं. कार्ल फॉन वाइत्सेकरने १९३५ मध्ये यावरून बंधनऊर्जेचं सूत्र मांडलं आणि ते इतकं चांगलं निघालं की आजही पहिला अंदाज त्यानेच करतात. त्याच सूत्राने आकाराचा हिशोब करून पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

समारियम-१५४ घेऊ: ६२ प्रोटॉन, ९२ न्यूट्रॉन. त्याची एकूण बंधनऊर्जा सुमारे १२६७ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. थेंबाच्या सूत्राप्रमाणे त्याची पृष्ठीय ऊर्जा येते साधारण ५१५ एमईव्ही. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, त्या अपकर्षणाची ऊर्जा येते साधारण ५०० एमईव्ही. आता हा थेंब ताणून प्रत्यक्ष समारियम-१५४ इतका लांबट करू. त्याचा लांब अक्ष आखूड अक्षापेक्षा जवळपास एक-तृतीयांशाने मोठा असतो. ताणल्यावर पृष्ठभाग वाढला, त्याचा खर्च सुमारे साडेनऊ एमईव्ही. प्रोटॉन एकमेकांपासून जरा लांब गेले, त्यातून परत मिळाले सुमारे साडेचार. म्हणजे निव्वळ पाच एमईव्हीचा तोटा.

थेंबाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. अपकर्षणाची ऊर्जा पृष्ठीय ऊर्जेच्या दुपटीहून जास्त झाली तरच गोल थेंब आपणहून ताणला जाईल, आणि मग तो ताणला जाऊन थांबणार नाही, फुटेलच. नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी १९३९ मध्ये विखंडनाचं, म्हणजे जड केंद्र फुटण्याचं, स्पष्टीकरण दिलं ते याच तुलनेवरून. समारियम त्या टोकापासून खूप दूर आहे. थेंबाचं ऐकलं तर त्याने गोल राहायला हवं. प्रत्यक्षात ते लांबट आहे. म्हणजे हा पाच एमईव्हीचा तोटा भरून काढून वर नफाही देणारं काहीतरी थेंबाच्या चित्रात सुटलेलं आहे. १२६७ एमईव्हीच्या जमाखर्चात आकार ठरतो तो अशा पाच-दहा एमईव्हीच्या फरकाने. मॉडेल बनवणाऱ्याची सगळी मेहनत या छोट्या फरकासाठी असते.

कवचांचा हिशोब

सुटलेली गोष्ट क्वांटम यांत्रिकीची होती. १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर, आणि तिच्यापासून स्वतंत्रपणे हान्स येन्सन व त्याचे सहकारी, यांनी दाखवलं की न्यूक्लिऑन केंद्रात ठरावीक कक्षांत बसतात आणि या कक्षांची कवचं होतात. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांना कवच पूर्ण भरतं. पण त्या मूळ मांडणीत केंद्र गोलच धरलेलं होतं, आणि सगळं परिबल शेवटच्या सुट्या प्रोटॉनाच्या माथी मारलेलं होतं.

हे किती अपुरं पडतं ते ल्युटेशियम-१७५ वरून कळतं. त्याची त्रिज्या सुमारे ६.७ फेम्टोमीटर. एकटा प्रोटॉन इतक्या अंतरावर फिरून जास्तीत जास्त ०.२७ बार्नच्या आसपास परिबल देईल. मोजलेलं परिबल आहे ३.४९ बार्न, म्हणजे दहा पटींहून जास्त. एका प्रोटॉनाचं हे काम नव्हे.

कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्सने अशा आकड्यांवर व्याख्यान दिलं, तेव्हा श्रोत्यांत जेम्स रेनवॉटर होता. त्याच्या लक्षात आलं की सुटा न्यूक्लिऑन नुसता गोल गाभ्याभोवती फिरत नाही, तो गाभ्यालाच ताणतो. १९५० मध्ये त्याने हे ऊर्जेच्या हिशोबासकट मांडलं. त्या काळात त्याच्याच खोलीत बसून काम करणारा पाहुणा होता नील्स बोरचा मुलगा ओगे बोर. ओगे बोरने कोपनहेगनला परतल्यावर बेन मॉटेलसनबरोबर या कल्पनेचं पूर्ण शास्त्र उभं केलं. तिघांना १९७५ चं नोबेल मिळालं.

नफा नेमका येतो कुठून, हे सर्वांत स्वच्छ दाखवलं ते स्वीडनच्या स्वेन योस्टा निल्सनने, १९५५ मध्ये. गोल केंद्रात एका कक्षेच्या सगळ्या जागांची ऊर्जा सारखीच असते. उदाहरणार्थ, एका कक्षेत बारा जागा आहेत असं समजा. केंद्र गोल असेपर्यंत कक्षा कुठल्याही दिशेला कललेली असली तरी फरक पडत नाही, बाराही जागा एकाच पातळीवर. केंद्र लांबट झालं की दिशेला अर्थ येतो. जी कक्षा लांब अक्षाच्या बाजूने जाते, ती इतर न्यूक्लिऑनांच्या जास्त सहवासात राहते, तिची ऊर्जा खाली येते. जी विषुववृत्ताभोवती फिरते, तिची वर जाते. बारा जागांच्या सहा जोड्या होतात आणि सहा वेगवेगळ्या पातळ्यांवर पसरतात.

आता कवच पूर्ण भरलेलं असेल तर खाली आलेल्या आणि वर गेलेल्या पातळ्यांची वजाबाकी होऊन हाती फारसं काही लागत नाही. म्हणून पूर्ण कवचांची केंद्रं गोल. पण कवच नुकतंच भरू लागलेलं किंवा अर्धंमुर्धं भरलेलं असेल, तर न्यूक्लिऑन फक्त खाली आलेल्या जागा घेतील आणि वरच्या रिकाम्या राहतील. सगळा नफाच नफा. तो थेंबाच्या तोट्यापेक्षा जास्त भरला की केंद्र लांबट होतं. समारियम-१५४ मध्ये न्यूट्रॉन ८२ च्या कवचाबाहेर दहा आहेत, आणि प्रोटॉन ५० आणि ८२ च्या मधोमध कुठेतरी आहेत. दोन्हीकडून खाली खेचलं जातं.

ही गोष्ट घडताना बघायची असेल तर समारियमचे समस्थानिक ओळीने लावावेत. जोडसंख्येच्या, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या, केंद्राला पहिल्या उत्तेजित अवस्थेत न्यायला किती ऊर्जा लागते ते पाहायचं. समारियम-१४४ मध्ये न्यूट्रॉन बरोबर ८२, केंद्र गोल आणि ताठर: १६६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. समारियम-१४८ ला ५५०. १५० ला ३३४. १५२ ला एकदम १२२. आणि १५४ ला फक्त ८२. दोन न्यूट्रॉनांच्या एका पायरीत, पटीने पाहिलं तर, सर्वांत मोठी झेप १५० आणि १५२ च्या मध्ये, म्हणजे ८८ आणि ९० न्यूट्रॉनांच्या मध्ये. युरोपियमचे दोन समस्थानिकही बरोबर याच सीमेच्या दोन बाजूंना उभे आहेत. मला हा योगायोग नसलेला जुळाव फार आवडतो: एक पुरावा प्रकाशाच्या रेषांतून आला, दुसरा गॅमा किरणांतून, आणि दोन्ही ९० वरच बोट ठेवतात.

ऊर्जा इतकी कमी का होते? कारण लांबट केंद्र फिरू शकतं. क्वांटम नियमांत पूर्ण गोल वस्तूला फिरवणं म्हणजे काहीच न करणं. फिरल्यानंतरची अवस्था आधीसारखीच असते. लांबट वस्तू मात्र फिरते आणि तिच्या ऊर्जा एका साध्या सूत्राने येतात: स्पिन गुणिले स्पिन अधिक एक. स्पिन २ साठी ६, स्पिन ४ साठी २०, म्हणजे दोघांचं गुणोत्तर ३.३३. एर्बियम-१६६ च्या पहिल्या दोन उत्तेजित अवस्था ८०.६ आणि २६५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहेत. भागाकार करून पाहा, ३.२९ येतो. केंद्र फक्त थरथरत असतं तर हे गुणोत्तर २ च्या आसपास आलं असतं. असे फिरण्याचे पट्टे मोजण्यासाठी मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातल्या पेलेट्रॉन त्वरकावर देशातल्या संस्थांनी मिळून उभारलेला गॅमा शोधकांचा संच वापरला जातो. तो संच दिल्ली आणि कोलकात्याच्या त्वरकांवरही आळीपाळीने नेला जातो.

आकार स्वतःच स्वतःला घडवतो

निल्सनच्या मॉडेलमध्ये एक गोष्ट हाताने घालावी लागते: केंद्र किती लांबट आहे ते आपण आधी सांगायचं, मग पातळ्या निघतात. सोव्हिएत संघाच्या व्हिलेन स्त्रुतिन्स्कीने १९६७ मध्ये यावर सुंदर तोड काढली. मोठी, संथ बदलणारी ऊर्जा थेंबाच्या सूत्रातून घ्यायची. कवचांमुळे होणारा चढउतार फक्त निल्सनच्या पातळ्यांतून काढायचा आणि तेवढाच वर मिळवायचा. हे प्रत्येक आकारासाठी करून जिथे बेरीज सर्वांत कमी तो आकार खरा. या घराण्यातलं सर्वांत नावाजलेलं काम पीटर म्यॉलर आणि सहकाऱ्यांचं आहे. त्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तक्त्यात हजारो केंद्रांची वस्तुमानं आणि आकार आहेत, आणि ज्ञात वस्तुमानांशी त्यांचा सरासरी फरक ०.५६ एमईव्हीच्या आसपास आहे. १२६७ च्या मानाने ही चूक किती बारीक ते लक्षात घ्या.

दुसरं घराणं वेगळ्या विचाराचं आहे आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त समाधान देतं. इथे आकार कोणीच सांगायचा नाही. प्रत्येक न्यूक्लिऑन बाकी सगळ्यांनी मिळून तयार केलेल्या सरासरी क्षेत्रात फिरतो, आणि ते क्षेत्र त्या सगळ्यांच्या घनतेवर अवलंबून असतं. म्हणजे क्षेत्र ठरवायला घनता हवी आणि घनता काढायला क्षेत्र हवं. अशा वेळी सुरुवात एका अंदाजाने करतात. अंदाजी क्षेत्रात कक्षा सोडवायच्या, त्यांतून घनता काढायची, घनतेवरून नवं क्षेत्र, त्यात पुन्हा कक्षा. फेऱ्या मारत राहायचं, जोवर पुढची फेरी आधीच्या फेरीहून वेगळं काही सांगत नाही तोवर. जे उरतं ते उत्तर: ऊर्जा, त्रिज्या, आकार, सगळं एकदम.

ऐकायला सोपं, पण बसून केलं की एक गोष्ट हमखास आडवी येते. लांबट अंदाजाने सुरुवात केली तर फेऱ्या लांबट उत्तरावर जाऊन थांबतात. चपट्या अंदाजाने केली तर चपट्यावर. दोन्ही ठिकाणी गणित म्हणतं, झालं. कारण ऊर्जेच्या नकाशावर खोलगट जागा एकच नसते. म्हणून त्याच केंद्रासाठी गणित दोनतीनदा, वेगवेगळ्या आकारांपासून सुरू करून करावं लागतं आणि मग ऊर्जांची तुलना करायची. त्याहून चांगलं म्हणजे लांबटपणा एकेका किमतीवर बांधून ठेवायचा, प्रत्येक किमतीला ऊर्जा काढायची आणि आलेख काढायचा. दोन दऱ्या आहेत का, मधली टेकडी किती उंच आहे, दऱ्यांच्या तळात फरक किती, हे त्या आलेखात डोळ्यांना दिसतं. नुसता एक आकडा छापून मोकळं होणाऱ्या तक्त्यापेक्षा असा एक आलेख केंद्राबद्दल कितीतरी जास्त सांगतो.

या पद्धतीत क्षेत्र कसं लिहायचं यावरून शाखा पडतात. टोनी स्कर्मने १९५० च्या दशकात मांडलेलं बल घेऊन एक शाखा चालते. १९७२ मध्ये डोमिनिक व्होतराँ आणि डेव्हिड ब्रिंक यांनी ते खऱ्या गणनांत वापरण्याजोगं केलं. दुसरी शाखा सापेक्षतावादी. तिथे न्यूक्लिऑन डिरॅकचं, म्हणजे सापेक्षता सांभाळणारं क्वांटम समीकरण पाळतात आणि मेसॉनांच्या, म्हणजे त्यांच्यातलं बल वाहणाऱ्या कणांच्या, क्षेत्रांतून एकमेकांशी बोलतात. एक क्षेत्र जबरदस्त आकर्षण देतं, दुसरं जवळपास तेवढंच अपकर्षण, आणि केंद्र टिकतं ते दोघांच्या वजाबाकीवर. या शाखेची एक मोठी जमेची बाजू म्हणजे स्पिन आणि कक्षा यांच्यातला जो दुवा मायर आणि निल्सन यांना बाहेरून घालावा लागला, तो इथे समीकरणातूनच निघतो. विरूपित केंद्रांसाठी ही पद्धत प्रत्यक्ष कशी चालवायची, लांबट आकाराला सोयीचा पाया घेऊन कक्षा कशा मांडायच्या, हे तपशीलवार सांगणारा एक मूलभूत निबंध १९९० चा आहे. त्याच्या तीन लेखकांत पहिलं नाव आहे पवईच्या आयआयटीतल्या वाय. के. गंभीर यांचं, बाकीचे दोघे पीटर रिंग आणि थिमेट. या विषयात काम सुरू करणारे विद्यार्थी आजही तो निबंध समोर ठेवतात.

यातली मला सर्वांत पटणारी गोष्ट अशी. या मॉडेलमध्ये मेसॉनांची वस्तुमानं आणि जोडणीची बलं असे जेमतेम काही आकडे मोकळे असतात. एनएल-३ हा गाजलेला आकड्यांचा संच १९९७ मध्ये तयार झाला. तो बसवताना ऑक्सिजन-१६, कॅल्शियम-४०, शिसे-२०८ अशी मोजकी केंद्रं वापरली, आणि गणनेत ती सगळी गोलच धरली होती. विरूपित केंद्र त्या आकड्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. तरी तेच आकडे समारियम, एर्बियम, युरेनियमला लावले की लांबटपणा प्रयोगाच्या जवळ येतो. माहितीवर ओढून ताणून बसवलेलं सूत्र आणि आतून खरं असलेलं मॉडेल यांतला फरक असाच कळतो.

जोड्यांमुळे एक गोष्ट आणखी सांभाळावी लागते. न्यूक्लिऑन दोन-दोनच्या जोड्या करतात, अतिवाहक धातूंतले इलेक्ट्रॉन करतात तशाच. ओगे बोर, मॉटेलसन आणि डेव्हिड पाइन्स यांनी हे १९५८ मध्ये ओळखलं. जोड्या केंद्राला गोल ठेवायला बघतात, म्हणून गणनेत त्या जास्त बळकट धरल्या तर आकार चुकतो, कमी धरल्या तरी चुकतो. त्यांचा ढळढळीत पुरावा फिरण्यात मिळतो. एर्बियम-१६६ घट्ट गोळ्यासारखं फिरलं असतं तर त्याची पहिली पातळी ८०.६ ऐवजी ४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सापडली असती. म्हणजे त्याचं जडत्व-परिबल, फिरवण्याला होणारा विरोध, घट्ट गोळ्याच्या जवळपास निम्मंच आहे. आतला बराचसा भाग फिरण्यात सामीलच होत नाही.

लांबट, पण कोणत्या दिशेला?

इथे एक प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडायला हवा. समारियम-१५४ च्या ग्राउंड स्टेटचा स्पिन शून्य आहे. जोड प्रोटॉन आणि जोड न्यूट्रॉन असलेल्या प्रत्येक केंद्राचा तसाच असतो. आणि स्पिन शून्य असलेली अवस्था कुठूनही पाहिली तरी सारखीच दिसली पाहिजे. तिला दिशा नसते. तिचं चतुर्ध्रुवी परिबल मोजलं तर शून्यच येणार. मग तिला लांबट म्हणायचं कशाच्या आधारावर?

उत्तर असं की लांबटपणा केंद्राच्या स्वतःच्या चौकटीत आहे. ग्राउंड स्टेटमध्ये ते केंद्र सगळ्या दिशांना सारख्याच प्रमाणात तोंड करून असतं, एका दिशेला एका क्षणी असं नव्हे, तर क्वांटम अर्थाने सगळ्या दिशा एकत्र. बाहेरून पाहणाऱ्याला सरासरी गोल दिसते. पण न्यूक्लिऑनांचे एकमेकांशी असलेले संबंध लांबट मांडणीचेच असतात. एका टोकाला काही न्यूक्लिऑन सापडले तर समोरच्या टोकाला सापडण्याची शक्यता वाढते, कुशीत सापडण्याची कमी होते.

सरासरी क्षेत्राची पद्धत मात्र एक दिशा पकडून बसते. तिचं उत्तर म्हणजे एका ठरावीक दिशेला टेकलेलं लांबट केंद्र, आणि निसर्गातल्या ग्राउंड स्टेटला तशी दिशा नाही. ही तडजोड जाणूनबुजून केलेली असते, कारण दिशांची सममिती मोडू दिली की न्यूक्लिऑनांचे ते गुंतागुंतीचे संबंध फार स्वस्तात पकडीत येतात. नंतर मोडलेली सममिती परत आणायची: तेच उत्तर सगळ्या दिशांना फिरवून त्यांची योग्य बेरीज घ्यायची. रुडॉल्फ पायर्ल्स आणि योक्कोझ यांनी हा मार्ग १९५७ मध्येच दाखवला होता, पण जड केंद्रांसाठी तो रोजच्या वापरात यायला संगणक मोठे व्हावे लागले. या बेरजेने ऊर्जा आणखी काही एमईव्ही खाली येते. सुरुवातीचा पाच एमईव्हीचा हिशोब आठवला तर ही रक्कम किरकोळ नाही, हे कळेल.

लांबटपणाचा हा छुपा स्वभाव अलीकडे एका अनपेक्षित जागी दिसला. अमेरिकेत ब्रूकहेवनच्या त्वरकावर युरेनियम-२३८ ची केंद्रं जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली. टक्कर इतकी क्षणिक असते की केंद्राला फिरायला वेळच नसतो, त्या घडीला ते ज्या दिशेला असेल त्याच दिशेने आदळतं. टोकावर टोक आदळलं तर तयार होणारा अतितप्त गोळा छोटा आणि दाट. कुशीवर कूस आदळली तर लांबट. लाखो टकरांत बाहेर पडणाऱ्या कणांची दिशा आणि वेग यांचा ताळमेळ लावून, जवळपास गोल असलेल्या सोन्याच्या टकरांशी तुलना करून, तिथल्या स्टार या संशोधकांच्या गटाने २०२४ मध्ये युरेनियमचा लांबटपणा काढला. तो कमी ऊर्जेच्या प्रयोगांशी जुळला.

जिथे मॉडेल अडखळतात

मॉडेलची चूक अर्ध्या एमईव्हीची आहे म्हटल्यावर बरं वाटतं, पण काही केंद्रांत आकाराचा निकालच त्याहून कमी फरकाने लागतो. पाऱ्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, आयसोल्डे यंत्रणेवर, पाऱ्याच्या हलक्या समस्थानिकांच्या त्रिज्या प्रकाशाने मोजल्या. पारा-१८७ वरून १८५ वर येताना त्रिज्या कमी व्हायला हवी होती. ती एकदम वाढली. पुढच्या मोजणीत चित्र आणखी विचित्र झालं: १८५, १८३, १८१ हे विषम समस्थानिक चांगलेच लांबट, आणि त्यांच्या मधले सम समस्थानिक जवळपास गोल. एक न्यूट्रॉन काढा, आकार बदलतो. आणखी एक काढा, परत पहिल्यावर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत संशोधक पारा-१७७ पर्यंत खाली गेले आणि ही उडी कुठे संपते ते दाखवलं.

शेजारचं शिसे-१८६ तर त्याहून पुढे आहे. त्याच्या स्पिन शून्य असलेल्या सर्वांत खालच्या तीन अवस्था ६५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत आहेत, आणि त्यांचा अर्थ एक गोल, एक चपटी, एक लांबट असा लावला जातो. केंद्र एकच, आकार तीन, आणि ऊर्जेतला फरक जवळपास मॉडेलच्या चुकीएवढाच. इथे एका दरीचा तळ शोधून भागत नाही. तिन्ही दऱ्यांतल्या अवस्था एकमेकींत किती मिसळतात, तेही काढावं लागतं.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं राहत नाही. आजवर सुमारे ३३०० समस्थानिक माहीत आहेत. २०१२ च्या एका मोठ्या गणनेनुसार बांधून राहू शकणारी केंद्रं ७००० च्या आसपास असावीत. राहिलेल्यांपैकी बरीचशी न्यूट्रॉनांनी गच्च भरलेली आहेत. न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा सोनं, प्लॅटिनम, युरेनियम घडतं ते याच केंद्रांमधून. त्यांतली बहुसंख्य पृथ्वीवर कधी मोजता येतील का, याची खात्री नाही, म्हणून ताऱ्यांचा हिशोब मॉडेलच्या आकड्यांवरच चालतो. विश्वातल्या मूलद्रव्यांच्या आलेखात वस्तुमानांक १६० च्या आसपास एक छोटा उंचवटा आहे. तो तिथल्या केंद्रांच्या लांबटपणामुळे आला, असं एक गंभीरपणे घेतलं जाणारं स्पष्टीकरण आहे. तिथे कोणतंही पूर्ण कवच नाही, त्यामुळे दुसरं कारण शोधणंही सोपं नाही.

आणि साध्या वाटणाऱ्या केंद्रांवरचे वादही मिटलेले नाहीत. विरूपित केंद्रं बहुतेक करून लांबटच का, चपटी इतकी थोडी का, याचं सर्वांना मान्य होणारं एकच उत्तर अजून नाही. एर्बियम-१६६, ज्याची गुणोत्तरं वर आपण काढली, ते पन्नास-साठ वर्षं पाठ्यपुस्तकांत स्वच्छ लांबट केंद्राचा नमुना म्हणून येत आलंय: दोन अक्ष सारखे, तिसरा मोठा. त्याची एक अवस्था ७८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. बोर आणि मॉटेलसनच्या परंपरेत तिला लांबट केंद्राची कुशीतली थरथर मानतात. जपानचे ताकाहारू ओत्सुका आणि सहकारी अलीकडच्या मोठ्या कवच-गणनांवरून म्हणतात की ती थरथर नाही. त्यांच्या मते एर्बियम-१६६ चे तिन्ही अक्ष थोडे वेगवेगळे आहेत, आणि ती अवस्था त्या तिरकस आकाराच्या फिरण्यातून येते. असं असेल तर जड केंद्रांपैकी कितीतरी केंद्रांचा आकार नव्याने काढावा लागेल. निकाल लावायला फक्त पातळ्यांची ऊर्जा पुरत नाही, ती दोन्ही पक्षांना साधते. त्या अवस्थेवरून खाली येताना कोणत्या वाटेने किती जोराने गॅमा किरण निघतात, ते गुणोत्तर मोजून दोन्ही गणितांशी ताडून पाहावं लागतं, आणि ते काम सध्या सुरू आहे.